या बोटीचा तांडेल कोण?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

'वन पीस' या जपानी ॲनिमे मालिकेविषयी किनारपट्टीवरून आलेल्या पत्रांपैकी काही या अंकात घेतली आहेत. ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. एइचिरो ओदा या चित्रकथाकाराची ही कथा जुलै १९९७ पासून 'शोनेन जंप' या जपानी साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध होत आहे. तिच्यावरून तोएई ॲनिमेशनने केलेली मालिका ऑक्टोबर १९९९ मध्ये सुरू झाली आणि तिचे हजाराहून अधिक भाग झाले आहेत. चाच्यांचा राजा रॉजर देहदंड होण्यापूर्वी आपला खजिना कोठेतरी ठेवल्याचे सांगून जातो आणि अर्धे जग समुद्रावर लोटते. त्या गर्दीत लुफी नावाचा गवती टोपी घातलेला एक पोरगा स्वतःची बोट आणि स्वतःची माणसे जमवायला निघतो, एवढे कथासूत्र पुढील उत्तरांसाठी पुरेसे आहे.

प्रश्न : स.न.वि.वि. आमच्या घरची नौका आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा ती वर ओढून शाकारून ठेवतात आणि घरातल्या पुरुषांना जाळी विणण्याखेरीज काम नसते. या दिवसांत धाकट्या मुलाने मला 'वन पीस' दाखवायला सुरुवात केली. कार्टून म्हणून मी आधी नाक मुरडले. आता आर्लाँग या क्रूर चाच्याचे प्रकरण संपेपर्यंत येऊन पोचले आहे. काही गोष्टी मात्र पटत नाहीत. ज्याला पोहता येत नाही, सुकाणू धरता येत नाही, वारा कुठला आहे हे कळत नाही, तो बोटीचा कप्तान कसा? असल्या तांडेलाच्या हाताखाली आमच्याकडे एक खलाशी टिकायचा नाही. शिवाय भरती-ओहोटी नावाची गोष्टच यात नाही, कोणत्याही घटकेला कोणत्याही बेटाला होडी लागते. आणखी एक प्रश्न गंभीर आहे. लुटारूंना नायक केलेले मुलांनी पाहावे का? मुलगा म्हणतो, इंग्रजांनी कान्होजी आंग्र्यांनाही चाचाच म्हटले होते, मग लुफी काय नि कान्होजी काय! मला उत्तर देता आले नाही. शेवटचे म्हणजे, लुफीच्या बोटीवरच्या नामीच्या आईच्या प्रसंगाला मी डोळ्यांना पदर लावला तर घरात सगळे हसले. या वयात हे पाहणे विचित्र दिसते का?
— एक वाचक भगिनी, हर्णै

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर सोपे आहे. विचित्र अजिबात दिसत नाही, आणि जे हसले त्यांनी तो प्रसंग नीट पाहिलेला नाही असे आम्ही खुशाल म्हणू. नामीची आई बेलमेर ही नौदलातून परतलेली बाई. लढाईच्या धुमाळीत सापडलेल्या दोन अनाथ मुलींना (त्यांतली एक नामी) तिने पोटच्या पोरींसारखे वाढवले आहे आणि संत्र्यांच्या बागेवर तिचा संसार कसाबसा चालतो. आर्लाँग गाव ताब्यात घेतो आणि दरडोई खंडणी ठरवतो : मोठ्या माणसामागे एक लाख बेरी (कथेतील चलन), मुलामागे पन्नास हजार. बेलमेरजवळ जेमतेम लाखभर निघतात. या मुली तिच्या असल्याची गावदप्तरी नोंद नाही, तेव्हा त्यांना गुपचूप गावाबाहेर काढले तर तेवढ्या पैशांत तिचा स्वतःचा जीव वाचू शकतो आणि गावचा कारभारी तिला तीच वाट सुचवतोही. ती पैसे देते, पण हे दोन मुलींचे आहेत, माझे भरायला माझ्याजवळ काही उरले नाही, असे आर्लाँगला तोंडावर सांगते. या मुली माझ्या आहेत हे एकदा मोठ्याने म्हणण्याची किंमत तिचा प्राण आहे, हे ठाऊक असून ती ते म्हणते. काजूच्या किंवा हापूसच्या चार कलमांवर ज्या घरात वर्षाचा मेळ बसवला जातो तेथील बाईला या हिशेबाचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागत नाही. या कथेतील जादूची फळे आणि रबरी हातपाय बाजूला ठेवले, तरी हा एक प्रसंग तिला प्रौढांची कथा म्हणवून घेण्यास पुरेसा आहे.

कप्तानाविषयीचा आपला आक्षेप रास्त आहे आणि गंमत अशी की कथाकारालाही तो मान्य आहे. आर्लाँगशी लढताना लुफी स्वतःच कबूल करतो की त्याला तलवार चालवता येत नाही, दिशा काढता येत नाही, स्वयंपाक येत नाही, खोटे बोलणेही जमत नाही, आणि इतरांच्या मदतीवाचून आपण जगूच शकणार नाही याची त्याला पक्की खात्री आहे. मग तुला करता काय येते, असे आर्लाँग विचारतो. तुला हरवता येते, एवढेच तो सांगतो. आपल्याकडे नौकेचा मालक नाखवा आणि समुद्रावर बोट चालवणारा तांडेल ही दोन वेगळी माणसे असू शकतात, हे लक्षात घेतले तर या बोटीची रचना चटकन उलगडते. कोणाला बोटीवर घ्यायचे आणि कोठे जायचे, एवढे लुफी ठरवतो. तेथे पोचायचे कसे हे ठरवणारी नामी आहे. तेव्हा आपण ज्या अर्थाने तांडेल म्हणता, त्या अर्थाने या बोटीचा तांडेल नामीच होय. हवेतील बदल तिला ढग दिसण्याआधी अंगावर जाणवतो. हा गुण आपल्या किनाऱ्यावर कोणाला चमत्काराचा वाटणार नाही. पहाटेचा मतलई वारा पडला की खारा वारा किती वाजता उचलेल, हे घड्याळ न पाहता सांगणारी माणसे हर्णैच्या वाळूवर संध्याकाळी लिलावाला उभी असतात. आर्लाँगने तिला खोलीत डांबून वर्षानुवर्षे सागरी नकाशे काढायला लावलेले असतात आणि तिच्या लेखणीवर वाळलेल्या रक्ताचे डाग असतात. ते लुफीला दिसतात, तेव्हा तो आर्लाँगवर धावून जाण्याऐवजी आधी ती खोलीच फोडायला घेतो. त्याला नकाशातले ओ की ठो कळत नाही. पण कौशल्य आहे म्हणून माणसाला वेठीला धरणे त्याला खपत नाही, आणि कप्तान म्हणून त्याची लायकी आम्हांला तेथे दिसली.

पोहता न येण्याचे कारण कथेत दिलेच आहे : ज्या फळामुळे शरीर रबरासारखे ताणले जाते ते खाणाऱ्याला समुद्र कायमचा वर्ज्य होतो आणि खाऱ्या पाण्यात त्याची ताकद जाते. कथेच्या दृष्टीने मात्र ही फार हुशारीची योजना आहे. लुफी कितीही बलवान झाला तरी पाण्यात पडला की कोणीतरी उडी टाकून त्याला काढावेच लागते. आर्लाँगच्या तळ्यात तो दगडात पाय रुतून बुडतो, तेव्हा गावातली दोन माणसे त्याची मान रबरासारखी ओढून डोके पाण्याबाहेर धरून ठेवतात, हे आपण पाहिलेच आहे. दृश्य हास्यास्पद आहे आणि तसेच असावे असा हेतू आहे. जो सगळ्यांना वाचवायला आला त्याला वाचवणारी माणसे गावचीच आहेत.

लुफीच्या बोटीवरचा स्वयंपाकी सांजी याचा उल्लेख आपण केला नाही याचे नवल वाटले. रत्नागिरीकडची पुष्कळ माणसे एके काळी मुंबईच्या गोदीतून परदेशी आगबोटींवर जात. तेथील खलाशांत सारंग, टंडेल यांच्याबरोबर भंडारी असे एक पद असे, म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी. (जातीशी या नावाचा येथे संबंध नाही.) लांबच्या सफरीत बोट तरते ती त्याच्या कोठीवर. सांजी लहानपणी झेफ नावाच्या चाच्याबरोबर एका उघड्या खडकावर पंच्याऐंशी दिवस अडकतो आणि उपाशी राहिलेला तो पोरगा पुढे अन्न मागणाऱ्या कोणालाही, अगदी शत्रूलासुद्धा, परत पाठवत नाही. एक फरक येथे सांगण्यासारखा आहे : छापील कथेत झेफ भुकेपोटी स्वतःचा पाय खातो आणि सगळे अन्न मुलासाठी ठेवतो, तर मालिकेत तो मुलाला बुडण्यापासून वाचवताना पाय गमावतो. दूरचित्रवाणीसाठी केलेली ही सौम्यता समजण्यासारखी आहे, पण मूळ प्रसंगाची धार तिच्यात राहिलेली नाही.

भरती-ओहोटीबद्दल थोडक्यात. आपण पाहिलेल्या भागांपुरती आपली तक्रार शंभर टक्के खरी आहे. पुढे जहाजबांधणीचे एक शहर येते आणि तेथे दरवर्षी येणाऱ्या अजस्र उधाणावर कथेचा मोठा भाग उभा आहे. त्याच शहरात, जहाजाच्या तळाचे मूळ लाकूड दुखावले की ते जहाज पुन्हा पाण्यात घालावे की नाही, यावरून जे भांडण पेटते ते आपल्या घरी सगळ्यांना पटेल. त्याहून अधिक सांगून आपला आनंद घालवत नाही.

आता कान्होजींविषयी. आपल्या चिरंजीवांसारखे बोलणे किनाऱ्यावर सर्रास ऐकू येते आणि ते कानाला गोडही लागते, तरी ते आम्हांला मान्य नाही. इंग्रजांनी आणि पोर्तुगीजांनी कान्होजींना चाचा म्हटले हे खरे. परंतु त्यामागे रोकडा व्यवहार होता. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज अरबी समुद्रात 'कार्ताझ' नावाचा परवाना देत आणि तो जवळ नसलेले जहाज धरत. कान्होजींनी तोच हक्क मराठी राज्याच्या वतीने बजावला : कोकणच्या पाण्यातून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने त्यांचे दस्तक घ्यावे, नाहीतर जहाज जप्त होईल. एकाच पाण्यावर दोन धनी जकात मागू लागले म्हणजे दोघेही एकमेकांना चोर ठरवतात. कान्होजींजवळ सरखेल ही पदवी होती, कुलाबा, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग यांसारखे किल्ले होते, गुराबांचे आणि गलबतांचे आरमार होते. ज्या ईस्ट इंडिया कंपनीने १७१३ मध्ये त्यांच्याशी तह केला तिनेच पुढे त्यांना चाचा म्हणावे, यात राजकारणाखेरीज दुसरे काही नाही. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ले केले, ते फसले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, तेही हात हलवत परतले. कान्होजी १७२९ मध्ये वारले ते दर्यावरचे सत्ताधीश म्हणूनच.

लुफीजवळ यातले काही नाही आणि त्याला ते नकोही आहे. त्याला ना किल्ला, ना मुलूख, ना वसुली. किंबहुना आपण पाहिलेल्या भागांत दरडोई पैसे वसूल करणारा जो जो येतो तो खलनायकच आहे, मग तो आर्लाँगसारखा चाचा असो की गणवेशातला, कुऱ्हाडीच्या हाताचा कप्तान मॉर्गन असो. आर्लाँगकडून लाच खाऊन नामीने साठवलेले पैसे जप्त करणारा तो उंदीरतोंड्या अधिकारीही नौदलाचाच आहे. म्हणजे या कथेचा राग सत्ता गाजवणाऱ्यांवर आहे, आणि कान्होजी तर उघडउघड सत्ता गाजवत होते; त्यातच त्यांचा मोठेपणा होता. त्यांना लुफीच्या रांगेत बसवणे म्हणजे इंग्रजांनी लावलेला शिक्का आपण हौसेने कपाळी मिरवणे होय. बाराती या सांजीच्या तरत्या खानावळीच्या भागात येऊन लुफीचा तलवारबाज सोबती झोरो याला हरवणारा मिहॉक आपल्या आठवणीत असेल. तो आणि त्याच्यासारखे आणखी काही चाचे सरकारच्या परवानगीने चाचेगिरी करतात. चिरंजीवांना तुलनाच करायची तर त्यांनी त्या मंडळींपासून सुरुवात करावी, आणि तेथेही ती फार लांब जाणार नाही, कारण कान्होजी कोणाच्या परवान्यावर चालणारे लुटारू नव्हते, परवाना देणारे होते. एक कडू गोष्टही चिरंजीवांना सांगावी : १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांकडून विजयदुर्ग घेतला, तेव्हा त्या मोहिमेत पेशव्यांचे लष्कर इंग्रजांच्या बाजूने होते.

राहिला प्रश्न लुटारूंना नायक करण्याचा. आपण आतापर्यंत जे पाहिले त्यात लुफीने कोणाला लुटले, हे आठवून पाहा. नामी चोरते, तेही चाच्यांकडून आणि गाव सोडवून घेण्यासाठी. बाकीचे तर मिळेल ते खातात आणि भांडतात. आमचा आक्षेप असेल तर तो नेमका उलट आहे. ही कथा चाच्यांचा झेंडा घेते, त्यांचे स्वातंत्र्य घेते आणि त्यांचा धंदा मात्र नजरेआड ठेवते. बोटीवर पीठमीठ कोठून येते, शिडाच्या कापडाचे पैसे कोण देतो, हे विचारायला आपल्यासारखा, डिझेलची आणि बर्फाची उधारी ठाऊक असलेला प्रेक्षक लागतो. मुलांना हा प्रश्न विचारायला शिकवा आणि मालिका खुशाल पाहू द्या.

प्रश्न : या मालिकेतील चाचे खरोखर होऊन गेले आहेत काय? आपल्या समुद्रात तसे चाचे आले होते काय?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पात्रे काल्पनिक आहेत, पण काही नावे खऱ्या चाच्यांवरून घेतली आहेत. पुढे येणाऱ्या टीच या पात्राचे नाव ब्लॅकबिअर्ड म्हणून कुप्रसिद्ध असलेल्या एडवर्ड टीचचे आहे. तो नोव्हेंबर १७१८ मध्ये अमेरिकेच्या कॅरोलिना किनाऱ्यावर मारला गेला, म्हणजे बूनची खांदेरीची मोहीम फसली त्याच वर्षी. बेलामी हे नावही १७१७ मध्ये जहाजासह बुडालेल्या सॅम्युअल बेलामीचे आहे.

आपल्या समुद्रात आलेल्या खऱ्या चाच्यांत हेन्री एव्हरीचे नाव आधी घ्यावे लागेल. १६९५ मध्ये त्याने हजच्या यात्रेकरूंना घेऊन सुरतेकडे परतणारे 'गंज-इ-सवाई' हे मोगल जहाज पकडले. त्यावरील प्रवाशांचे, विशेषतः स्त्रियांचे, जे हाल झाले ते कोणत्याही लहान मुलांच्या मालिकेत दाखवता येणार नाहीत. औरंगजेब इतका संतापला की सुरतेच्या वखारीतील इंग्रजांना कैदेत पडावे लागले. एव्हरी स्वतः मात्र सापडला नाही. विल्यम किड याला चाच्यांच्या बंदोबस्तासाठी पाठवले होते, तो स्वतःच जहाजे धरू लागला. मलबार किनाऱ्यालगत १६९८ मध्ये त्याने 'क्वेदा मर्चंट' पकडले आणि १७०१ मध्ये लंडनला फासावर गेला. या दोघांची हकीकत वाचून मग लुफीकडे पाहिले, तर ओदांनी चाचेगिरीतून काय काय गाळून टाकले आहे हे आपल्याला नेमके कळेल.

प्रश्न : मी मालवण तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. पाचवी-सहावीची मुले मधल्या सुट्टीत सतत झोरो आणि लुफीविषयी बोलतात. शनिवारी शाळेत यातील एखादा भाग दाखवावा असे मनात आहे. योग्य होईल काय?
— एक शिक्षिका

उत्तर : एखादा निवडक भाग दाखवायला हरकत नाही, सरसकट मालिका शाळेत लावू नये. हाणामारीत रक्त दिसते, सांजीच्या तोंडात सदैव सिगारेट असते, आणि बाई दिसली की त्याचे जे चाळे सुरू होतात ते विनोद म्हणून वारंवार येतात. पुढच्या भागांत स्त्रीपात्रांची चित्रे ज्या तऱ्हेने काढली आहेत ती वर्गात दाखवण्यासारखी नाहीत. एका अमेरिकी कंपनीने मुलांसाठी केलेल्या आवृत्तीत सांजीच्या सिगारेटच्या जागी काडीची गोळी दिली होती. त्याने सिगारेट गेली, पण पाहणाऱ्यांत हसूच जास्त झाले. आपण चौथा भाग आधी स्वतः पाहून घ्यावा. त्यात एक डोंगरी दरोडेखोर खानावळीत बाटली फोडून लाल केसांच्या शँक्स या चाच्याला दारूने भिजवतो आणि शँक्स हसून फरशी पुसायला लागतो. लहानगा लुफी चिडतो, कारण त्याला हे भित्रेपण वाटते. त्याच शँक्सने पुढे समुद्रात स्वतःचा हात का गमावला, यावर सहावीची मुले चांगली बोलतील. झोरोने लहान मुलीने आणलेला, पायाखाली तुडवलेला भाताचा गोळा मातीसकट खाल्ला तो दुसऱ्या भागातील प्रसंगही तितकाच बोलका आहे.

प्रश्न : छापील चित्रकथा आधी वाचावी, ॲनिमे पाहावे, की नेटफ्लिक्सवरील माणसांनी अभिनय केलेली मालिका? वेळ कमी आहे.
— एक विद्यार्थी, देवगड

उत्तर : वेळ कमी असेल तर चित्रकथा. तिचे शंभराहून अधिक खंड झाले आहेत, तरीही ती ॲनिमेपेक्षा लवकर वाचून होते, कारण ॲनिमेचे पुढचे भाग छापील कथेच्या पुढे जाऊ नयेत म्हणून मुद्दाम रेंगाळत चालतात. आवाज आणि संगीत हवे असेल तर आर्लाँगपर्यंत ॲनिमे पाहावे आणि तेथे निर्णय घ्यावा. त्यानंतरही आवडले तर ५४ ते ६१ हे भाग गाळले तरी चालतील, ते मूळ कथेत नाहीत. नेटफ्लिक्सच्या मालिकेचा पहिला हंगाम ३१ ऑगस्ट २०२३ रोजी आला आणि आर्लाँगपर्यंतची कथा त्याने आठ भागांत बसवली. त्यासाठी बारातीच्या प्रकरणातून डॉन क्रीग या चाच्याला जवळजवळ काढून टाकले आहे आणि आर्लाँगलाच तेथे आधी आणून उभे केले आहे. कथेची गती त्यामुळे साधली आहे. परंतु उपाशी शत्रूला सांजीने वाढलेले ताट, ज्यावर पुढचे सगळे बारातीचे प्रकरण उभे आहे, त्याला हवी तेवढी जागा उरलेली नाही. म्हणून ती मालिका नंतर पाहावी.